बेटावर मांडलेलं ताट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायला बसलो की आधी ती चपराक आठवते. हमरापूरच्या आपल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती सुकायला ठेवल्यात, डोळे अजून कुणालाच नाहीत. मी एक मूर्ती आडवी करून तिच्या पोकळ पोटात हाक मारतोय आणि माझाच आवाज जाडाभरडा होऊन परत येतोय. तुम्ही मागून आलात. "डोल्यांची आखणी व्हायच्या आधी आवाज द्याचा नाय! आत कोन बसलाय, तुला ठाव हाय?" मारलंत मला, पण घाबरला होतात तुम्हीच. पुढे माझं मन मातीत रमलं नाही. जहाजावर स्वयंपाकी झालो आणि तुम्ही बोलणं टाकलंत. गेलात तेव्हा मी भर समुद्रात होतो.

आईने फोनवर सांगितलं, "दहाव्याला कावला शिवला नाय रं. तू येशील म्हनून सांगितला, तरी नाय. शेवटी दर्भाचा केला." मला रडू नाही, राग आला. मरतानाही राग धरूनच गेलात का? हे विचारायचं तरी कुणाला?

त्यानंतर थोड्याच दिवसांत जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं. भटारखान्यातला माझा जोडीदार तिथलाच, जुन्या माया लोकांपैकी. त्यांच्याकडे मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. नेमका तोच दिवस होता, तो मला घरी घेऊन गेला. अंगणात खड्डा करून, केळीच्या पानांत मक्याचं पीठ आणि कोंबडी गुंडाळून भाजायला पुरलेली. उकरली तेव्हा शेतात मडक्यात भाजायच्या आपल्या पोपटीची आठवण झाली. त्याची म्हातारी आई नातवंडांच्या मनगटांना काळा दोरा बांधत होती. "आलेले लोक परत जाताना आवडतं पोर सोबत नेतात. दोरा असला की नेता येत नाही," जोडीदार म्हणाला. म्हातारीने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. "तुझं कोण गेलंय, म्हणते." वडील, म्हटलं. तिने मलाही दोरा बांधला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक ताट वाढलं. "आधी ते जेवतील. ते जेवले की त्या अन्नाला चव राहत नाही."

भर दुपार होती. टेबलाखाली पसरलेलं कुत्रं उठलं आणि त्या खुर्चीला लांबून वळसा घालून अंगणात गेलं. थोड्या वेळाने म्हातारीने तुमचं ताट माझ्याकडे सरकवलं. बाकीचे बोटं चाटत होते, मला ना मीठ लागत होतं ना मिरची. जोडीदाराने माझ्या ताटातला घास चाखला आणि स्वतःचं ताट जवळ ओढलं.

बंदरावरून आईला फोन केला. "बाबा जेवले."

"काय वाढलंस?"

"कोंबडी."

"मंग जेवनारच," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

आता मी रोह्याजवळ वरसेत राहतो, तिथल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला शिफ्ट करतो. हे लिहिलेलं टाकायला तुमचा पत्ता नाही. पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. ताट मांडून सगळे डोळे मिटून बसले, तेव्हा मी टेबलाखाली हात नेऊन मनगटावरचा दोरा सोडला होता.