एका नामांकित संस्थेला माणसं हवी आहेत

ती. ताईस,

नमस्कार. (साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा कागदावर घातला असं समज.) काल दाराशी उभी राहून पर्समध्ये किल्ली चाचपडताना तू आठवलीस. शाळेतून आलो की तू युनिफॉर्मच्या आतून नाडीला बांधलेली किल्ली ओढून काढायचीस, दार उघडायचीस आणि रिकाम्या घरात खणखणीत ओरडायचीस, "आम्ही आलो!" आई-बाबा दोघंही कामावर. मी एकदा विचारलं, कुणाला सांगतेस गं? तर म्हणालीस, "घराला. त्यालाही दिवसभर कंटाळा येतो." काल दार उघडल्यावर मीही तोंड उघडलं होतं, पण शेजारीण जिन्यात होती, म्हणून खोकल्यासारखं केलं.

भावोजींचा खरा खोकला कसा आहे? तुझी पाठ? माझी तब्येत ठणठणीत. (रक्तदाबाची गोळी मी मोजत नाही.)

मागे फोनवर विचारलंस, या वयात ऑफिसात नक्की करतेस काय, आणि मी "सोशल मीडिया" म्हटल्यावर इतकी हसलीस की भावोजींना पाणी आणावं लागलं. तर ऐक. आमची कंपनी लोकांना घरासाठी कर्ज देते. त्या कामात मुरलेली माणसं आम्हाला हवी आहेत, आणि ती अर्थातच दुसऱ्या कंपन्यांच्या खुर्च्यांवर बसलेली आहेत. मोबाइलवर चार ओळी टाकून त्यांना तिथून उठवायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर साहेबांनी मला मुद्दाम परत बोलावलं, कारण कर्ज नाकारल्याचं पत्र माझ्या हातचं असलं की लोक आभार मानायला यायचे. साहेबांचं म्हणणं एकच, पोस्ट नुसती चांगली असून भागत नाही, वेळ साधली पाहिजे. व्याजदर वाढले की त्याच दुपारी (गिऱ्हाईक पळालेलं असतं), महिनाअखेरीला संध्याकाळी साडेसहाला (वरिष्ठांनी नुकतंच झाडलेलं असतं), आणि रविवारी उन्हं कलताना (सोमवार दिसू लागलेला असतो). थोडक्यात, कर्जखात्यातला माणूस केव्हा खचतो याचं वेळापत्रक माझ्या टेबलावर चिकटवलेलं आहे. शिवाय कंपनीचं नाव द्यायचं नाही, नाहीतर बाकीच्या कंपन्या सावध होतात. "एका नामांकित संस्थेला" एवढंच लिहायचं. दोन महिन्यांत दोन माणसं मिळाली तर माझी जागा राहील, नाहीतर हे काम मुख्य कचेरी करेल, असं ठरलं होतं.

आधी मी साहेबांच्या भाषेत लिहिलं. गतिमान वातावरण, उज्ज्वल भवितव्य वगैरे. कुत्रं फिरकलं नाही. (प्रत्येक पोस्टला मिनिटाभरात एक बदाम मात्र यायचा, कुंडीचा फोटो लावलेल्या कुणा बाईकडून. ताई, ती कुंडी मी ओळखते. तिची कड मीच फोडली होती.) शेवटी कंटाळून महिनाअखेरीच्या संध्याकाळी, बरोबर साडेसहाला, मला सुचलं तसं लिहिलं: "दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे कागद तपासून तुम्ही स्वतःच्या घरी किती वाजता पोहोचता? दार कोण उघडतं? एका नामांकित संस्थेला तुमच्याशी बोलायचं आहे."

आठ वाजेपर्यंत एक्केचाळीस उत्तरं! अर्ज म्हणावेत असे त्यात जेमतेम तीन, बाकी सगळी पत्रं. एका बाईंनी लिहिलं, आजवर नऊशे घरांची कर्जं मंजूर केली आणि स्वतः भाड्याच्या एका खोलीत राहते, खोलीला खिडकी आहे हे चांगलं. एकजण घरी गेल्यावर रेडिओ लावतो, ऐकायला नव्हे, कुणी बोलत असावं म्हणून. आलेल्या पत्राला तीन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, हे शाळेतल्या सिस्टरनी आपल्या बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं. तेव्हा मी एक्केचाळीस जणांना उत्तरं लिहिली. नोकरीचं विचारायचं त्यात राहूनच गेलं.

आता त्या तीन अर्जांचं. दोन निघाले आमच्याच मागच्या टेबलांवरचे. (नाव नसल्यामुळे बिचारे आमच्याकडून आमच्याकडेच यायला निघाले होते.) तिसऱ्यात लिहिलं होतं, "बावीस वर्षांचा अनुभव. सध्याच्या जागी पद मोठं आहे, म्हणून जेवायला कुणी बोलावत नाही. बाहेरच्या टेबलावर एक वयस्कर बाई बसतात, त्याही एकट्याच डबा खातात. जाऊन बसावं असं रोज वाटतं, धीर होत नाही. आपल्या संस्थेत सगळे एकत्र जेवतात का?" खाली फोन नंबर होता. तो मला पाठ आहे. गेली अकरा वर्षं मीच तो लोकांना देत आले आहे. मी मान वर केली. काचेपलीकडे साहेब मोबाइल हातात धरून उत्तराची वाट बघत बसले होते. ("वयस्कर" मी मनाला लावून घेतलेलं नाही. त्यांचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.)

मी रीतसर उत्तर टाकलं, "अर्ज पोहोचला. आपण आहात तिथेच राहावं, असं सुचवते. त्या बाईंना एकदा विचारून पाहावं." साहेबांनी ते तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, इथे बसलो तर चालेल?"

"बसा की. खुर्ची तुमचीच आहे."

दोघांनी डबे उघडले. मग साहेबांनी विचारलं, "माणसांचं कुठवर आलं?"

"एक चांगला उमेदवार होता. पण त्याने जागा सोडायची नाही असं ठरवलं."

"अरेरे," साहेब डब्यात बघत म्हणाले. "हातचा गेला."

त्यानंतर आम्ही रोज एकत्र जेवलो. त्यांना सांडगी मिरची नको असते, मला हवी असते. तेव्हा तोही प्रश्न सुटला. बाकी सगळं छान. काळजी करू नकोस. मी मजेत आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचा शेवट "मी मजेत आहे" असाच करायचा, हे सिस्टरनी फळ्यावर लिहून दिलं होतं, म्हणून लिहिलं. मुदत संपली, माणूस एकही मिळालं नाही. जेवता जेवता साहेबांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर डबा तसाच बंद केला. एक तारखेपासून मी घरी आहे.

पुन्हा ता. क. त्या एक्केचाळीसांपैकी रेडिओवाल्याचं पत्र अजून येतं. माझ्या पोस्टमधला प्रश्न त्याने उलट मलाच विचारला: तुमचं दार कोण उघडतं? तीन दिवस होऊन गेले. उत्तर लिहिलेलं नाही.

आणखी एक. सोबतच्या खोक्यातलं असं वाटायचं. मफलर भावोजींना, एका टोकाला रुंद झाला आहे, तो भाग मागे घ्यावा. शाईचं पेन धाकट्या नातीला, महिन्याला एक पत्र लिहीन या बोलीवर. माणूस खचण्याचं वेळापत्रक जावईबापूंना. विमा विकताना उपयोगी पडेल. आणि तळाशी नाडीला बांधलेली किल्ली आहे, ती तुला. माझ्या दाराची आहे. केव्हा यायचं ते तू ठरव. आधी फोन करू नकोस, बेलही वाजवू नकोस. दार उघड आणि ओरड. या खेपेला घरात ऐकायला कुणीतरी असेल.