मुठीतला वास

शनिवार, ३ फेब्रुवारी

हाताला फोड, पाठीचा पार भुगा — आणि मी खूश! कॉलेजमागच्या पडीक तुकड्यावर वस्तीतले लोक मिळून भाजी पिकवतात, आणि आम्ही विद्यार्थी म्हणजे त्यांचे फुकटचे मजूर. सगळा कारभार एका निवृत्त बसकंडक्टरकडे. सगळे त्यांना कंडक्टरकाकाच म्हणतात. "चला, मागचे पुढे सरका! रोपांना पाय ठेवायला जागा द्या!"

गाजराची दाट उगवलेली रोपं उपटून विरळ करायची होती. मला उपटवेना. माझ्या वर्गातला बडबड्या म्हणाला, "दया कसली करतेस? सगळी ठेवलीस तर सगळीच उपाशी मरतील." पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला! मग उपटली. डोळे मिटून, पण उपटली.

रविवार, ४

पुदिना खुडला. बोटांना दिवसभर वास! आणि एकदम डोक्यात आलं — बाबा!

बाबा हॉटेलात आचारी. मागच्या आजारपणात नाक गेलं ते गेलंच, कसलाच वास येत नाही. कांदा करपून कोळसा झाला तरी कळेना, तेव्हा मालकांनी घरी बसवलं — "नाक परत आलं की या." डॉक्टर म्हणतात, रोज वेगवेगळे वास घेत राहा. मग काय, शेत आहेच की!

मूठभर पुदिना नेला. बाबांनी डोळे मिटून हुंगला. "थोडा थोडा येतोय गं!" मी नाचायचीच बाकी होते.

शनिवार, १०

टोमॅटोच्या पानांना केवढा उग्र वास असतो, मला माहीतच नव्हतं! बाबा म्हणाले, "झकास आहे." सुधारतंय, नक्की सुधारतंय!

शिवाय खताचा ढीग आता आमचा! बडबड्याने आणि मी घरोघर फिरून ओला कचरा गोळा केला, रचला, वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. ऊब राहायला नको?

बुधवार, १४

आज पुदिना कंडक्टरकाकांनीच खुडून, पुडी बांधून माझ्या पिशवीत टाकला होता; ती पुडी वाटेत कुठेतरी पडली. घरी बाबांपुढे पिशवीत हात घातला, तर मूठ रिकामीच बाहेर आली. पण त्यांनी डोळे आधीच मिटले होते. हुंगलं आणि म्हणाले, "वा! पुदिना!"

न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

गुरुवार, १५

आई म्हणते, "तुझा हिरमोड होऊ नये म्हणून म्हणतात गं." म्हणजे तिला ठाऊक होतं!

रविवार, १८, दुपार

जायचं नव्हतं. पण ढीग आमचा, तो कोण बघणार? गेले.

प्लास्टिक काढलं आणि — अरे देवा! बडबड्या चक्क गप्प झाला! सडलेली कोबी, कुजलेली अंडी, अजून काय काय. शेजारच्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद. कंडक्टरकाका नाकाला रुमाल लावून ओरडले, "गाडी भरलीत आणि खिडक्याच बंद? आतल्यांनी श्वास कुठून घ्यायचा? सुकी पानं कुठायत?" सुकी पानं! ती घालायची असतात हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

दुपारभर दोघांनी तो ढीग उलटापालटा केला, मध्ये मध्ये सुक्या पानांचे थर दिले. ओला कचरा, पानं, वारा — तिन्ही पाहिजेत. आता जन्मात विसरणार नाही. हसून हसून पोट दुखलं. कालपर्यंत वाटत होतं आता कधी हसूच येणार नाही.

नळावर साबण संपवला. वास जाईल तर शपथ. आज मुठीत काही नेत नाहीये.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दार बाबांनी उघडलं. मी तोंडही उघडलं नव्हतं.

"शी! गटारात पडलीस की काय?"

मी तशीच उभी. तेही तसेच. नाकावरचा हात हळूहळू खाली आला. "आण गं तो हात इकडे," म्हणाले. हुंगत राहिले — शी शी म्हणत, डोळे पुसत. आई आतून विचारतेय, काय झालं, काय झालं — सांगणार कोण!

मी आज अंघोळ करणार नाही!