चौकटीवरची पुराची खूण

रोहा. सोमवार, जून १९९४.

नदीचा पूर किती चढतो ते ठरवायला साहेब आला होता. मी चौकटीवरची मोठ्या पुराची खूण दाखवली. म्हणाला, "आजी, माझ्या हिशोबात पाणी एवढं चढत नाही." म्हटलं, "तुझा हिशोब होता का रे पाण्यात? मी होते!" त्याने लिहून घेतलं. जाताना म्हणाला, मग शेजारच्या जुबेदाचं घर पूररेषेत, तिला नवं बांधता येणार नाही.

आणि आता उंबऱ्यावर बसल्यावर आठवतंय. पुरानंतर आम्ही जोतं हातभर उंच केलं, तीच चौकट वर बसवली. खूणही वर गेली की! मेली चौकट. रोज पुसते, तरी डोक्यात कसं आलं नाय?

जुबेदा दारातच होती, ऐकून आत निघून गेली. तेच लागतंय. उद्या कचेरीत जाऊन सांगते, हिशोब तुझाच बरोबर. हसेल. हसू दे मेल्याला, पण रेघ खाली घे म्हणावं.