डब्लिनच्या संसदेत ऋजुता

१२ फेब्रु., गुरुवार

माझं जे काही होतं ते आज सकाळी संपलं. संपवलं एका लाल कोटातल्या बाईनं, आयर्लंडच्या संसदेत उभं राहून. तिला मी आयुष्यात भेटलेलो नाही. आणि तिला उभं मीच केलं होतं.

नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

ऋजुता, म्हणजे माझी ऋ., डब्लिनला मास्टर्सला गेली त्याला दीड वर्ष झालं. जानेवारीत घरमालकाची नोटीस आली, घर विकायचंय, निघा. फोनवर रडली. मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, पार्ट्सच्या दुकानात लोकांना वायपर विकतोय. काय करणार होतो? पण राग आला की मला बसवत नाही. तिच्या भागातली विरोधी पक्षाची खासदार शोधून काढली. व्हिडिओ पाहिले. मंत्र्याला अशी धुते की बघत राहावं. तिला मेल लिहिली. त्यातल्या शिव्या खोडल्या, परत लिहिली. ऑफिसचं उत्तर आलं, मुलीनं स्वतः आमच्याशी बोलावं. ऋ. म्हणाली, "तू पण ना." पण बोलली. मी आठवडाभर हवेत. हिच्यासाठी एक अख्खं सरकार हलवतोय म्हणून.

आज प्रश्न येणार होता. हॉलमधल्या टीव्हीवर लावलं. आई डबे भरता भरता उभी, बाबा खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन, ईशाच्या तोंडात ब्रश. लाल कोट उठली. नाव घेतलं नाही. म्हणाली, माझ्या मतदारसंघात भारतातून आलेलं एक तरुण जोडपं आहे, एंगेज्ड आहे. महिनाअखेर या दोघांना घर नसेल. मंत्र्यांनी सांगावं, यांनी आयुष्य सुरू कुठे करायचं?

बाबा म्हणाले, "दुसरी कुठली केस असेल रे."

दुसरी नाही. पुण्याची मुलगी, मालकानं हीटरला घातलेलं कुलूप, सगळं माझ्या मेलमधलं. जोडपं तेवढं माझ्या मेलमधलं नव्हतं.

ईशानं ब्रश काढला. "ओह नो, दादा."

आईनं टीव्ही बंद केला. मी परत लावला. मंत्री म्हणाला, व्यक्तिगत प्रकरणांवर मी बोलणार नाही. अख्ख्या सभागृहात तेवढाच एक सज्जन माणूस.

१३ फेब्रु., शुक्रवार

तिचा मेसेज: "गडबडीत आहे. रविवारी बोलू."

दुकानात एकाला चुकीची बॅटरी दिली. परत आला तेव्हा त्याच्यावरच ओरडलो. मॅनेजर म्हणाला, मागे जा, पाणी पी.

तो तुकडा परत परत पाहिला. 'एंगेज्ड' म्हणताना लाल कोट (यापुढे ला. को.) किंचित हसते. चांगली बातमी असल्यासारखी.

१४ फेब्रु., शनिवार

आजचा दिवस कुणी काढला त्याला पोत्यात घालून मारलं पाहिजे.

तिथली पद्धत आता मला पाठ झालीय. मंत्री आधी लिहून आणलेलं वाचतो. त्यात काही नसतं. मग विरोधकाला उपप्रश्न मिळतो, खरं काय ते तिथे निघतं. ला. को. पहिल्या उत्तराकडे लक्षच देत नाही. मान हलवते, थांबते, आणि मग एकच आखूड प्रश्न. उद्या मी पण तसंच करणार. ओरडायचं नाही.

१५ फेब्रु., रविवार

ओरडलो.

तिनंच सुरुवात केली. "घरच्यांना टीव्हीसमोर बसवलंस? मला विचारलं होतंस?"

"एंगेज्ड आहेस का?"

"अरे, रूम फक्त कपलला देत होते. मी आणि अनिकेतनी कपल म्हणून घेतली. ॲग्रीमेंटवर तेच आहे. त्या बाईच्या ऑफिसला वेगळं सांगून कसं चालेल?"

"अनिकेत कोण?"

"क्लासमधला. सांगितलं होतं तुला."

"एका रूममध्ये?"

"डब्लिन आहे हे. इथे लोक किचनमध्ये झोपतात."

"म्हणजे फक्त कागदावर?"

मागे कुणीतरी भांडी लावत होतं. मग म्हणाली, "आत्ता तो मुद्दाच नाहीये, यार. मला पंधरा दिवसांत इथून बाहेर पडायचंय."

"एंगेज्ड आहेस, हो की नाही?"

"त्या बाईसारखा बोलू नकोस."

"हो की नाही, ऋजुता?"

"आणि तू कुठे होतास? सहा महिन्यांत येतो म्हणाला होतास."

हे तर तिथलं जुनं तंत्र. अडचणीत आलं की आधीच्या सरकारवर ढकलायचं. मी तसं म्हणालो आणि अजून बरंच काही म्हणालो, ते लिहीत नाही. तिनं फोन ठेवला. भांडी कोण लावत होतं ते विचारायचं राहिलं.

१७ फेब्रु., मंगळवार

जेवताना बाबा. आवाज अगदी साधा. साधा असला की भीती वाटते.

"कॉलेजचं काय ठरलं?"

"विचार चालू आहे."

"सप्टेंबरातही चालूच होता."

"बघतोय ना. माहिती घेतोय."

ईशा म्हणाली, "दॅट्स नॉट ॲन आन्सर." मी म्हटलं, तू गप्प जेव. आई म्हणाली, "दोघंही जेवा."

बाबांनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. "तिच्या मागे जायचं म्हणून तू कॉलेज सोडलंस. ठीक. पण तिनं सांगितलं होतं काय रे, सोड म्हणून?"

ताट सरकवलं, ते आमटीसकट खाली. मुद्दाम नव्हतं. थोडंसं मुद्दाम. आईनं एक शब्द न बोलता पुसून घेतलं. मी पुसतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, तुझं चालू दे."

नाही सांगितलं होतं. उलट म्हणाली होती, डिग्री संपव मग ये. तेव्हा मला ते प्रेम कमी असल्यासारखं वाटलं होतं.

१९ फेब्रु., गुरुवार

सकाळी परत लावलं, फोनवर, एकट्यानं, बाथरूममध्ये. ला. को. आज निळ्या कोटात. प्रश्न शाळेच्या बसचा. खेड्यातली पोरं थंडीत उभी राहतात म्हणे. तोच आवाज, तीच बोटं टेबलावर, मंत्र्याची तीच तंतरलेली मान. जोडप्याचा विषयसुद्धा नाही. आमचं जोडपं आठवडाभर चाललं, आता बस.

डोकं फिरलं. तिच्या ऑफिसला मेल टाकली. दोनच ओळी. तुम्ही गेल्या आठवड्यात ज्या जोडप्याबद्दल बोललात ते खरंच एंगेज्ड आहे का, तपासलं होतं का?

पाठवली आणि मग सुचलं, ते खरंच तपासायला लागले तर? तिचा मालक, तिचा व्हिसा, तिची सही. मी नेमकं काय केलं हे पाठवल्यावर कळलं. मला नेहमी पाठवल्यावरच कळतं.

२० फेब्रु., शुक्रवार

ऑफिसचं उत्तर आलं. थँक यू वगैरे. व्यक्तिगत प्रकरणांवर आम्ही बोलत नाही.

शब्दाला शब्द मंत्र्याचाच! दुकानाच्या मागच्या बाजूला टायरांवर बसून इतका हसलो की मॅनेजर बघायला आला.

हे लोक आतमध्ये एकमेकांचे गळे धरतात आणि बाहेर आले की एकाच तोंडानं बोलतात. माझं काम होतं तोवर मी 'माहिती देणारा चांगला मुलगा'. आता मीच व्यक्तिगत प्रकरण.

२१ फेब्रु., शनिवार

मेसेज आला.

"तू त्यांना परत मेल केलीस. त्यांचा फोन आला होता मला. अनिकेत समोर बसला होता. मी काय बोलले असेन विचार कर. उद्या तुझ्या अकराला फोन करते. तुला हो की नाही हवंय ना, सांगते. पण मग मी पण एक विचारणार आहे."

स्मायली नाही, यार नाही, काही नाही.

आईला दाखवला. आईला मी कधीच काही दाखवत नाही. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाली, "पोरगी सरळ आहे. उद्या ती बोलेल तेव्हा मधे बोलू नकोस. एवढं एक कर."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर ऐकून घे."

"नाही म्हणाली तर?"

आईनं चष्मा काढला. "तर तुझी पंचाईत आहे," म्हणाली.

२२ फेब्रु., रविवार

साडेदहापासून हॉलमध्ये. फोन टेबलावर. बाबा गराजमध्ये उगाच काहीतरी ठोकत होते, म्हणजे ऐकू येत नाही असं मला वाटावं म्हणून. आई देवासमोर. ईशा जिन्यावर बसून, लपलीय असं समजून.

हो म्हणाली तर काय करायचं ते आठवडाभरात दहा प्रकारे ठरवलंय. अनिकेतला काय म्हणायचं, तिला काय म्हणायचं, शेवटचं वाक्यसुद्धा. नाही म्हणाली तर काहीच ठरलेलं नाही. ती काय विचारणार ते मला माहीत आहे. मग तू कधी येतोस? तारीख सांग. आणि मी काय सांगू? बघतोय. माहिती घेतोय. बँकेत तिकिटापुरतेसुद्धा नाहीत, डिग्री नाही, वायपर विकणाऱ्याला तिथं कोण बोलावणार? आखूड प्रश्न. ला. को.सारखा. आणि ती मान हलवून थांबणार.

अकराला वाजला.

उचलायला हात पुढे केलाही होता. स्क्रीनवर तिचा फोटो, बर्फात काढलेला, माझीच टोपी घातलेली. बंद झाला. परत वाजला. गराजमधली ठोकाठोक थांबली.

ईशा वरून म्हणाली, "दादा, पिक अप!" मग हळू आवाजात, "प्लीज."

तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा मी जॅकेट घातलं. आई देव्हाऱ्यापासून उठून आली, म्हणाली, "अरे, तिचाच आहे ना?" हो म्हटलं. फोन टेबलावरच होता. वाजत होता. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.