तळाच्या खणातला खुलासा

परमेश्वराला स्मरून आणि चष्मा पुसून मी हे लिहायला बसलो आहे. मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा छापखाना (आता बंद), धर्म कॅथलिक, असे जाहीर करतो की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघ्यांचे सांगत नाही. आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भुलवणुकीने नव्हे, तर राजीखुशीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायकोच्या देखरेखीखाली लिहीत आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात लिहिले होते आणि दुसरे तापात. नावे-पत्ते वकिलांनी नोंदणीच्या प्रतीत घातले आहेत. ही घरात वाचायची प्रत आहे, त्यामुळे इथे सगळे नात्यानेच येतील.

कलम १. राहते घर, पुढच्या छापखान्याच्या खोलीसह, माझ्यामागे बायकोचे. तिच्यामागे मुलगा आणि मुलगी यांचे, निम्मे-निम्मे.

हे कलम मी आधी वेगळे लिहिले होते. मुलगा एका पक्षाचा, मुलगी दुसऱ्या पक्षाची. गेल्या निवडणुकीपासून दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे मीठसुद्धा आईमार्फत मागतात. म्हणून मी अट घातली होती की दोघांनी मी सांगेन त्याला मत द्यावे, तरच घर मिळेल. बायकोने कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, मताच्या बदल्यात घर? याला बाहेर काय म्हणतात माहीत आहे ना?" मला माहीत होते. मी अट खोडली. घर कशाच्याही बदल्यात नाही. फक्त मीठ थेट मागायला शिका.

कलम २. बँकेतली शिल्लक बायकोची. ती कशी खर्च करावी याबद्दल मला काही म्हणायचे नाही, आणि म्हटले तरी ती ऐकणार नाही.

कलम ३. पायाने चालवायचे छपाई यंत्र, शाईचे रूळ आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, सगळ्या पेट्या मुलीला. ती लहानपणी यंत्राखाली बसून पडलेले खिळे वेचायची आणि प्रत्येक अक्षर बरोबर त्याच्या घरात टाकायची. पेटीतला एक 'श' तुटका आहे, त्याची टोपी, म्हणजे वरची रेघ, उडालेली आहे. तो फेकू नये. का ते कलम ६ (अ) मध्ये येईल.

माझे भिंग मुलाला. हे दुय्यम समजू नये. प्रचाराच्या प्रत्येक कागदाच्या तळाला, अगदी बारीक अक्षरांत, कोणी छापला आणि कोणासाठी छापला हे लिहावे लागते. लोक कागद वरून वाचतात, मोठी अक्षरे वाचतात, फोटोतले जोडलेले हात पाहतात. बाळा, तू तळापासून वाचायला लाग. कागदाखाली नाव नसेल तर ज्याने तो लिहिला त्यालाच त्याची लाज वाटते आहे, एवढे समज. फोनवर आलेल्या मजकुरालाही हाच नियम. तिथे भिंग चालत नाही, पण "हे तुला कोणी पाठवले आणि त्याला कोणी?" एवढे विचारता येते.

कलम ४. मोठे लोखंडी कपाट, वरच्या चार खणांसह, चर्चच्या वाचनालयाला. त्यात चाळीस वर्षांत मी छापलेल्या प्रत्येक प्रचारपत्रकाची एकेक प्रत आहे. सगळ्या पक्षांची कामे मी केली, कारण शाईला पक्ष नसतो असे मी तेव्हा ऐटीत सांगायचो. वाचनालयाने हे खण प्रत्येक निवडणुकीआधी महिनाभर उघडे ठेवावेत आणि पहिल्यांदा मत देणाऱ्यांना हवे तेवढे चाळू द्यावेत.

त्यांना त्यात नदीवरचा पूल सापडेल. छापून झाले की खिळे सोडून परत पेटीत टाकायचे असतात. पण "येत्या वर्षभरात पूल" हा मजकूर मी कधी सोडलाच नाही. पहिल्या निवडणुकीनंतर सुतळीने बांधून फळीवर ठेवला, तो पाच निवडणुका तसाच वापरला. फक्त उमेदवाराचे नाव बदलायचे. एकदा तर दोन विरोधक एकाच सकाळी आले आणि दोघांना मी तोच पूल दिला. दोघेही म्हणाले, भाषा छान जमली आहे. पूल अजून नाही. सुतळी मात्र दोनदा बदलावी लागली.

कलम ५. माझी वेताची खुर्ची मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या शिंपी भावाला. प्रत्येक निवडणुकीच्या आधी तो त्या खुर्चीत बसून एकच विचारतो, "फादर काय म्हणाले? कोणाला द्यायचं?"

मेव्हण्या, फादर काय म्हणाले ते मी पुन्हा एकदा, शेवटचे लिहितो. आपले जुने फादर, देव त्यांना शांती देवो, मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या दारात उभे होते आणि तू त्यांना हेच विचारलेस. ते म्हणाले, "नाव मी सांगणार नाही. तुमची विवेकबुद्धी मी घरी घेऊन जायला आलेलो नाही. पण ती आहे तशीच वापरू नका, तिला आधी शिकवा." तू म्हणालास, "म्हणजे काय करायचं?" ते म्हणाले, "विचारा की या माणसाच्या कारभारात अजून न जन्मलेल्या बाळाचं काय होईल. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं काय होईल, रोजावर जाणाऱ्याचं, परक्या मुलखातून आलेल्याचं काय होईल. आणि हा माणूस खरं बोलतो का? मग गुडघे टेका, आणि मग जा." तू वाटेत मला म्हणालास, "फादरनी टाळलं." टाळले नाही, मेव्हण्या. काम तुझ्या अंगावर टाकले, म्हणून तुला ते ऐकू आले नाही.

या सगळ्या प्रश्नांना पुरून उरणारा उमेदवार मला आयुष्यात एकही भेटला नाही, हेही लिहून ठेवतो. तरी दर वेळी गेलो, मनात तोलले, मत दिले आणि घरी येऊन पुन्हा त्याच माणसाच्या मागे लागलो. घरी बसून सगळेच चोर म्हणणे फार सोपे आहे, आणि तू या खुर्चीत तेच करतोस. खुर्ची तुझी. ती जरा दुरुस्त करून घे, डाव्या बाजूने टोचते.

कलम ६. कपाटाचा सर्वांत खालचा, पाचवा खण.

हे कलम लिहायला मला सव्वीस वर्षे लागली. त्या वर्षी आपल्या भागातून नर्सबाई निवडणुकीला उभ्या होत्या. याच गल्लीतल्या. इथल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच जगात आणले आणि उरलेल्यांना सुया टोचल्या. समोरच्या उमेदवाराचा माणूस माझ्याकडे मजकूर घेऊन आला. वर क्रूस, खाली "कॅथलिक मतदारांनो", आणि मधे असे की नर्सबाई निवडून आल्या तर चर्चची शाळा बंद करणार. तळाला छापणाऱ्याचे नाव नको, असे तो म्हणाला. मी विचारायला हवे होते की हे खरे कशावरून. मी विचारले नाही. उलट मजकूर फिका वाटला म्हणून माझ्या पदरचे एक वाक्य घातले: "शाळेला कुलूप लागल्यावर आपल्या लेकरांनी कोणाच्या दारात बसायचं?" गिऱ्हाईक खूश झाले. मीही झालो.

आणि ऐका, माझ्याइतका मूर्ख या धंद्यात दुसरा नसेल. एकेक खिळा हाताने जुळवता जुळवता मला ते खरे वाटू लागले. मतदानाच्या दिवशी माझ्याच कागदाला घाबरून मी नर्सबाईंच्या विरोधात मत दिले.

त्या थोडक्यात पडल्या. पुढच्याच वर्षी जिंकलेल्या साहेबांनी शाळेच्या मैदानातून रस्ता काढला. मी पापनिवेदनाला गेलो. फादरनी जाळीपलीकडून सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तिला जाऊन सांग. आणि जिथे ते खोटं वाटलं गेलं तिथे खरं वाट, तळाला तुझं नाव घालून." मी खुलासा छापला, पाचशे प्रती, तळाला माझे नाव ठळक. मग वाटले, पुढच्या रविवारी वाटू. मग वाटले, गिऱ्हाइके तुटतील, मुलांच्या शाळेचे काय. गठ्ठा तळाच्या खणात गेला. आणि नर्सबाई मात्र यंत्रात माझे बोट चिरडले तेव्हा रोज येऊन पट्टी बदलत होत्या, "हलू नका हो, मुलांपेक्षा वाईट आहात तुम्ही" म्हणत होत्या. मी मूग गिळून बसलो होतो. मला त्या पट्टीची अजूनही लाज वाटते.

म्हणून मी इथे लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर वारसांनी हा गठ्ठा चर्चबाहेर वाटावा.

बायकोने वाचले. म्हणाली, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? शिव्या खायला मागे आम्ही आहोतच."

मी तिच्यावर चिडलो. त्याच संध्याकाळी मुलाने घरच्या ग्रुपवर काहीतरी पाठवले. वर क्रूस. यंदा उभ्या असलेल्या औषध दुकानवाल्या बाईंविषयी होते, त्या शाळा बंद करणार म्हणून. आणि शेवटी लिहिले होते, आपल्या लेकरांनी कोणाच्या दारात बसायचं? माझे वाक्य. सव्वीस वर्षांनी, फोनमधून, माझ्याच मुलाच्या हातून माझ्या घरी परत आले. मला जेवण गेले नाही.

कलम ६ (अ). वरचे कलम रद्द, कारण आता वाटायला काही उरलेले नाही. गेल्या रविवारी मिस्सानंतर मी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिलो आणि गठ्ठा स्वतः वाटला. कागद पिवळा पडला आहे, शाई मात्र तशीच आहे. काही जण हसले, एकाने कागद चुरगळून फेकला. मुलगा तो वाचून रस्त्याच्या कडेला थांबला. "बाबा, मी तर तो मेसेज सगळ्यांना पाठवला."

"मग सगळ्यांना परत लिही," मी म्हणालो, "आणि खाली तुझं नाव घाल. आणि हो, त्या दुकानवाल्या बाईंबद्दल खोटं पसरलं म्हणून त्या आपोआप चांगल्या ठरत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी कर."

शेजारी मुलगी उभी होती. ती भावाला म्हणाली, "दे फोन, तुला नीट लिहिता येत नाही." दोन वर्षांतले हे तिचे त्याला पहिले वाक्य. मला ते आशीर्वादासारखे वाटले.

मग मी नर्सबाईंच्या घरी गेलो. सांगितले. त्यांनी कागद घेतला, बाजूला ठेवला आणि आतून आपली लग्नपत्रिका आणली. ती मीच छापली होती. "शुभविवाह" मधल्या 'श'ला टोपी नव्हती. "त्या पत्रकात 'शाळा' होतं ना," त्या म्हणाल्या, "तिथेही हाच बोडका 'श'. नाव घातलं नाहीत, पण अक्षर तुमचंच होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येऊन सांगाल म्हणून थांबले. इतकं थांबवाल असं वाटलं नव्हतं." आणि मग, "चहा घेणार की रडणारच आहात?"

मी दोन्ही केले.

कलम ७. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ मी नर्सबाईंना ठेवले होते. त्यांनी ते नाकारले. म्हणाल्या, "मला घड्याळ नको, मला साक्षीला बोलवा." मी सांगितले की वकिलांच्या मते साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. "मग तर बरंच," त्या म्हणाल्या. म्हणून घड्याळ सामाईक. त्याला चावी मुलाने आणि मुलीने आळीपाळीने द्यावी, म्हणजे आठवड्याला एकदा तरी भेट होईल.

कलम ८. माझ्या शवपेटीवर कोणत्याही पक्षाचे फूल, झेंडा किंवा पुढारी नको. मिस्सा साधी. मेव्हण्याला गाऊ देऊ नये.

मी यंदा कोणाला मत देणार ते इथे लिहीत नाही. प्रश्न सगळे विचारून झाले आहेत, गुडघे टेकायचे बाकी आहे, आणि त्यांना वेळ लागतो.

वरील मजकूर मी वाचला, बायकोने दोनदा वाचला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर.
दिनांक: मतदानाला नऊ दिवस असताना, रविवार.

(सही, पूर्ण नावानिशी) लिहिणार, जुळवणार आणि जबाबदार: मी स्वतः, छापखानेवाला

साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी. (सही) "माझ्यासमोर सही केली. घड्याळ पाच मिनिटे मागे आहे."

साक्षीदार २: नर्सबाई, निवृत्त. (सही) "माझ्यासमोर सही केली. मुलाच्या वाट्याचे भिंग मागून घेऊन कागद तळापासून वाचला. या वेळी नाव आहे."