फ्लेक्सवरची चार बोटं

प्रिय अंजू,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं होतं, ते आधीच सांगून टाकते. गेले कितीतरी दिवस गावात दुसरा विषय नाही. दूध घालायला गेलं तरी अंजू, गिरणीत गेलं तरी अंजू. आपल्या गावची पोरगी भारताच्या महिला बास्केटबॉल संघात, आशिया स्पर्धेची पात्रता फेरी खेळायला विमानानं परदेशी गेली! आपण चड्ड्या घालून नाचतो म्हणून ज्यांनी नावं ठेवली, तेच आता तुला लहानपणी खांद्यावर खेळवल्याचं सांगतात. बाई, तू पण खेळायचीस ना, असं मला एकानं तरी विचारावं? एकानंही विचारलं नाही.

तुझ्या पाठीवर नऊ नंबर बघितला आणि माझं डोकंच फिरलं. नऊ माझा होता. पाण्याच्या टाकीच्या खांबाला बूड कापलेलं घमेलं बांधून आपण खेळायचो, तेव्हा माझ्याविरुद्ध किती वेळा जिंकलीस ते आठवून बघ. एकदाही नाही. घमेलं डावीकडं झुकलेलं, म्हणून बॉल उंच टाकायचा, ही युक्ती कुणाची? माझी. आणि मॅचमध्ये तू तसाच बॉल टाकलास तेव्हा समालोचक म्हणतो, ही खास अंजूची शैली! मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. ती पण करपली.

पुण्याच्या शिबिरासाठी निवड दोघींची झाली होती. तुझी आई शेळ्या शेजारणीच्या भरवशावर सोडून तुला एसटीत बसवायला आली. माझी त्याच उन्हाळ्यात सोयरीक ठरली, तीही घरातल्या घरात. आई गेल्यावर मी मामाकडं वाढले आणि मला मामाच्याच मुलाला दिलं. ज्या उंबऱ्यात भाची म्हणून खेळले, त्याच उंबऱ्यात माप ओलांडलं. ‘भाची खेळली तर चालतंय, सून खेळली तर लोक काय म्हणतील?’ मामाचे सासरे झालेले आप्पा एवढंच बोलले आणि विषय संपला. गाव सुटलं नाही म्हणून बाया मला नशीबवान म्हणतात. आता तर सरपंच आहे. सही माझी, कारभार ह्यांचा.

तुझ्या स्वागताचं ह्यांनी फारच मनावर घेतलं होतं. जेसीबीतून फुलं उधळायची, डॉल्बी लावायचा, शाळेची पोरं रांगेत उभी करायची. शेवटची मॅच व्हायच्या आधीच चौसाळ्याच्या फाट्यावर फ्लेक्स चढला: ‘पात्रता फेरी जिंकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मी म्हटलं, अजून जिंकली कुठं? तर म्हणाले, ‘लग्नसराई हाय, फ्लेक्सवाल्याला नंतर टाइम न्हाई.’ त्यावर ह्यांचा फोटो दाराएवढा, माझा ताटाएवढा आणि तू कोपऱ्यात. तोही फोटो शाळेच्या टीमचा, कापून घेतलेला. त्यात मी तुझ्या शेजारी उभी होते. मला कापलं, पण तुझ्या खांद्यावर ठेवलेली माझी चार बोटं तशीच राहिली. बीडला जाता-येता मी जीपमधून तीच बघायचे आणि जळायचे.

मग ती मॅच. सगळे ग्रामपंचायतीत टीव्हीसमोर. शेवटचा बॉल तुझ्या हातात, एक बास्केट पडली की जिंकलात. तू बॉल उंच टाकलास, तो रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. सगळ्यांनी कपाळावर हात मारला. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं. अगदी थंडगार वाटलं मला. पण तेवढ्यात तू खाली बसलीस आणि तोंड जर्सीत लपवलंस. टाकीखाली माझ्याकडून हरल्यावर बसायचीस, तशीच. तेव्हा मी हाताला धरून तुला उठवायचे. तिथं बराच वेळ कुणी आलंच नाही गं. मला खुर्चीत बसवेना.

संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला. ‘हारलेल्या पोरीची मिरवणूक काढली तर लोक आपल्यालाच हासतील,’ हे म्हणाले आणि जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी तुझी आई आमच्या ओट्यावर आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘सपनाबाई, हारली म्हून माझ्या लेकीनं गावात यायचं न्हाई का?’ जाताना तिनं शेळ्यांच्या छपरावर टाकायला तो फ्लेक्स मागून नेला.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. सरपंच म्हणून तुला फोन करायचा आणि ‘एवढ्यात येऊ नका, सत्काराचं पुढं बघू’ असं सांगायचं, हे काम ह्यांनी माझ्यावर टाकलंय. मी फोन केला नाही. केला असता तर रडले असते, नाहीतर भांडले असते, म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवतेय. अंजू, तू ये. ठरलेल्या दिवशीच ये. फुलं नसतील, डॉल्बी नसेल. आपल्या शिपायाकडून, बजरंगकडून, टाकीच्या खांबाला नवं घमेलं बांधून घेतलंय, तेही डावीकडं झुकवून. जुना पंजाबी ड्रेस उसवून मोठा केलाय. आप्पांना सांगून टाकलंय, सून खेळणार आहे, बघायचं असेल तर खुर्ची घेऊन या. ह्यांना अजून सांगायचंय, तेही सांगेन. माझी दया येऊन मुद्दाम हरू नकोस, मीही तुला सोडणार नाही. हरलीस, तर उठवायला मी आहे. आणि जिंकलीस, तर नऊ नंबर तुझा.

तुझीच, अजूनही तुझ्यावर जळणारी,
स्वप्नाली