तीन ते साडेतीन

रविवार, ५ ऑगस्ट
सकाळची उपासना. शुक्रवारी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन. एक डोळा आधीच गेलाय. दुसराही गेला तर शिवणकाम बंद, म्हणजे पोटच बंद. चर्चबाहेर तिने माझा हात धरला, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणाली. मी म्हटलं, रोजच करतो. अजून एकदाही केलेली नाही, पण करणारच आहे, म्हणजे खोटं नव्हे.
प्रार्थना समितीचा सचिव म्हणून येत्या गुरुवारसाठी साखळी प्रार्थना सुचवली. दिवसभर एकेकाने अर्धा तास चर्चमध्ये बसून मावशीसाठी प्रार्थना करायची. साखळी तुटता कामा नये. पाळकसाहेब खूश.

सोमवार, ६
संकल्प: पहाटे पाचला गुडघ्यांवर. उठलो साडेसातला. बायको म्हणाली, गुडघ्यांवर यायला आधी अंथरुणातून बाहेर यावं लागतं. तिचं अध्यात्म कच्चं.

मंगळवार, ७
पोस्टमनच्या घरी प्रार्थनासभा. मला प्रार्थना करायला सांगितलं. जग, सरकार, हवामान, गायनमंडळाचा सूर, सगळं घेतलं. आमेन म्हणून बसलो आणि मावशी आठवली.

बुधवार, ८
साखळीचा तक्ता केला. पट्टीने रेघा, दोन रंगांची पेनं. दुपारी तीन ते साडेतीन कुणी घेईना, झोपेची वेळ. मी घेतली. सचिवपद उगाच मिळत नाही.

गुरुवार, ९. दुपारी २.१०
जेवलो. दहा मिनिटं पाठ टेकतो. ताज्या मनाने प्रार्थना होते.

४.२५
पळत गेलो. चारचा इलेक्ट्रिशियन डोळे मिटून बसलेला. कुणी काही विचारलं नाही. तक्त्यात माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. जायची इच्छा होती, त्या इच्छेची ती खूण.

शुक्रवार, १०
जेवण गेलं नाही. बायकोला पित्त सांगितलं. मावशीचा डोळा गेला तर माझ्यामुळे. बाथरूममध्ये नळ सोडून पहिल्यांदाच खरी प्रार्थना केली. एकच शब्द सुचला: वाचव.

रविवार, २६
उपकारस्तुतीची उपासना. मावशीला दिसतंय! पाळकसाहेबांनी सचिवांच्या शिस्तीचं कौतुक केलं. टाळ्या. पापांगीकार सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो, आपला आवाज त्यात खपून जातो. आज माझा फुटलाच नाही.
शेवटी पायऱ्यांवर मावशीला गाठून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, माहीत आहे मला. त्या दिवशी तुझ्यासोबत बसावं म्हणून तीनला भिंत धरत धरत आले होते. तू नव्हतास. साखळी तुटू नये म्हणून मीच बसले.
मी विचारलं, डोळ्यासाठी?
नाही रे, म्हणाली. डोळ्यासाठी बाकीचे होतेच की. मी तुझ्यासाठी केली. म्हटलं, याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? नाहीतर हा न येणाऱ्यातला नाही.

दुपारी ३.००
चर्चला आलो. कुलूप. पायरीवर बसलोय. साडेतीनपर्यंत उठणार नाही. प्रार्थना उघड्या डोळ्यांनी चालू आहे, मिटायची भीती वाटते.